शाळेतील मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी प्रत्यक्ष संगीत, नृत्य व नाट्याचे कार्यक्रम : बडोद्यात आखणी कशी करावी?

मांजलपूरची शिक्षिका :

नमस्कार. मी बडोद्यातील एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना सामाजिक विज्ञान शिकवते. आमच्या विश्वस्त मंडळाने या शैक्षणिक वर्षात तीन प्रत्यक्ष कार्यक्रम घेण्यास मंजुरी दिली असून त्यांची आखणी माझ्याकडे सोपवली आहे. तिन्ही इयत्ता मिळून सुमारे चारशे विद्यार्थी आहेत. त्यांच्या घरी गुजराती, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात, आणि यांपैकी बहुतेकांनी गरबा सोडला तर कोणतीही कला समोरासमोर बसून पाहिलेली किंवा ऐकलेली नाही.

शाळेत पूर्वी असे कार्यक्रम झाले आहेत. मैदानावर मंडप घालायचा, सगळ्या वर्गांना ओळीने बसवायचे, पाहुण्यांचे स्वागत करायचे, तासाभराचा कार्यक्रम करायचा आणि आभार मानून मुलांना परत वर्गात न्यायचे, अशी त्यांची पद्धत असे. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर मुलांना आठवत असे ते बहुधा ध्वनिक्षेपकाचे करकरणे. म्हणून मला तीन गोष्टींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. सर्व मुलांना एकत्र बसवावे की लहान गट करावेत? संगीत, नृत्य आणि नाट्य यांपैकी प्रथम काय ठेवावे? आणि माझी सर्वांत मोठी अडचण म्हणजे शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी? आमच्यापैकी बहुतेक शिक्षक मैफलीला कधी बसलेले नाहीत. कार्यक्रम सुरू असताना ते मागे उभे राहून मुलांना गप्प बसवतात किंवा वह्या तपासतात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण त्यांना दुसरे काही करायचे असते हे कोणी सांगितलेलेच नाही.

खर्चाची मर्यादा आहे, परंतु ती अगदीच तोकडी नाही. बडोद्यात शिकलेल्या किंवा येथेच शिकवणाऱ्या कलावंतांना प्राधान्य द्यावे अशी माझी इच्छा आहे.

निवृत्त संगीतशिक्षक :

ताई, आपण अडचणींचा जो क्रम लावला आहे, तो उलटा करावा असे मी सुचवीन. शिक्षकांचा प्रश्न आधी सुटला, तर बाकीचे दोन प्रश्न निम्मे सुटतात. ज्या शिक्षकाने आदल्या आठवड्यात स्वतः हाताने त्रिताल धरला आहे, तो मागे उभा राहून वह्या तपासत नाही. गायक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो हे पाहण्याची त्यालाच उत्सुकता असते, आणि ती उत्सुकता मुलांना सूचनेपेक्षा फार लवकर कळते.

त्यासाठी पंधरवड्याचे शिबिर भरवण्याची आवश्यकता नाही. कार्यक्रमापूर्वी एका शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मिळाले, तरी पुष्कळ काम होते. ज्या कलावंताला बोलावणार आहात त्यालाच किंवा त्याच्या एखाद्या शिष्याला शिक्षकांसमोर बसवावे. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा, एवढेच शिकवावे. सर्वांनी हाताने ताल देत असताना गायकाने एखादी मध्यलयीची बंदिश म्हणावी आणि समेला आल्यावर मान हलवावी. गणिताचे शिक्षक आणि क्रीडाशिक्षक या कामी अनेकदा सर्वांत तयार निघतात, असा माझा अनुभव आहे. नंतर हाच धडा त्यांनी आपापल्या वर्गात दहा मिनिटे घ्यावा. आपल्याकडील मुलांना बे टाळी आणि त्रण टाळी, म्हणजे दोन व तीन टाळ्यांचे प्रकार, हे गरब्यातून अंगवळणी पडलेले असतेच, त्यामुळे आवर्तन फिरून पुन्हा पहिल्या पावलावर येते ही कल्पना त्यांना नव्याने समजवावी लागत नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, हे त्यांना सांगायला हरकत नाही, पण नवरात्रात नाचणाऱ्या मुलांना स्वतःच्या पायांचे महत्त्व पटवण्यासाठी युनेस्कोची साक्ष काढावी लागू नये.

आता गटांविषयी. शास्त्रीय गायनासाठी ऐंशी ते शंभर मुलांपेक्षा मोठा गट करू नये. चारशे मुलांना एकत्र बसवले की ध्वनिक्षेपक मोठा लावावा लागतो, तो मोठा लावला की तंबोऱ्याचा गुंजारव हरवतो, आणि मागच्या मुलांना गायकाचा चेहरा दिसत नाही. ज्या जवळिकीसाठी आपण हा खटाटोप करतो, तीच मग उरत नाही. शाळेच्या सभागृहात सतरंजी घालून, मुलांना अर्धवर्तुळात बसवून, शक्य असेल तर ध्वनिक्षेपकाशिवाय किंवा अगदी मंद आवाजात कार्यक्रम करावा. एकाच सकाळी दोन गटांसाठी दोन बैठका कलावंत सहसा मान्य करतात, फक्त मध्ये तासाभराची विश्रांती आणि मानधनाचा वेगळा विचार हवा. चारही गट करायचे असतील, तर दोन सकाळी घ्याव्यात.

बैठक चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांची असावी. विलंबित ख्यालाने, म्हणजे अतिशय संथ लयीतील गायनाने, आरंभ करू नये. लांबलेली बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, ऐकण्याची सवय नसलेल्या मुलांवर तो अन्याय आहे आणि गायकावरही. मध्यलयीची बंदिश, मग थोडी आलापी, मग मुलांकडून एक सोपी सरगम म्हणवून घेणे आणि शेवटी तराणा, हा क्रम मला उपयुक्त वाटतो. तराण्यात ना, दिर, तोम असे बोल असल्यामुळे घरी कोणती भाषा बोलली जाते हा प्रश्नच उद्भवत नाही. रागाची निवड पाळीप्रमाणे करावी. शाळा सकाळच्या पाळीची असेल तर भैरव किंवा अल्हैया बिलावल, दुपारची असेल तर वृंदावनी सारंग किंवा भीमपलासी घ्यावा, म्हणजे रागाची वेळ ही गोष्ट पुस्तकातून न सांगता अनुभवातून सांगता येते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तबला आणि तंबोरा लावण्याचे काम पडद्याआड उरकू नये. मुलांना ते पाहू द्यावे. तबलजी हातोडीने गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकतो, कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर वरून आणि खालून आघात करतो, पुन्हा थाप देऊन ऐकतो, आणि एका क्षणी तबला तंबोऱ्याच्या षड्जाशी, म्हणजे 'सा'शी, जुळतो. हे घडताना मुले जेवढी स्तब्ध बसतात, तेवढी पुढच्या बंदिशीलाही बसतीलच असे नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, सैल पडते आणि सूर उतरतो, म्हणून जुलैमध्ये कार्यक्रम असेल तर या कामाला अधिक वेळ धरावा. विज्ञानाच्या शिक्षकांना त्यातून बोलण्यासारखे बरेच सापडेल.

आणि आपण सामाजिक विज्ञान शिकवता, म्हणून एक सुचवतो. सुरसागर तलावाजवळचे आपले संगीत महाविद्यालय मुलांनी बाहेरून अनेकदा पाहिलेले असते. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी सुरू केलेल्या गायनशाळेपासून या संस्थेची परंपरा चालत आली आहे. मौलाबक्षांनी विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपी तयार केली आणि पाठ्यपुस्तके लिहिली. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा केल्याखेरीज जी विद्या मिळत नसे, तिच्यासाठी सर्वांना खुली असलेली शाळा, वर्ग आणि पुस्तके असावीत, हा विचार त्या काळी साधा नव्हता. पुढे आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाझ खाँ याच दरबारात गायक होते आणि १९५० मध्ये त्यांचे निधन येथेच झाले. कार्यक्रमापूर्वी आपल्या तासाला हा भाग घेतला, तर मुलांना गायक कोठून तरी आलेला पाहुणा वाटणार नाही.

विज्ञान शिकवणारा :

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-समन्वित अध्यापनाचा आग्रह आहे, आणि तो योग्यच आहे. पण व्यवहारात त्याचे रूपांतर पुठ्ठे, चकचकीत कागद आणि पालकांनी रात्री जागून केलेले प्रकल्प यांत होते. आपल्या कार्यक्रमानंतर मुलांना एक छापील कागद देऊन रागाचे नाव लिहा, वाद्यांची नावे लिहा, आवडलेल्या भागाबद्दल पाच ओळी लिहा असे सांगितले जाणार असेल, तर कार्यक्रमच करू नये असे मी म्हणेन. तबल्याच्या दमट पुडीवरून मी ध्वनीचा धडा घेईन, आनंदाने घेईन, परंतु तो दुसऱ्या आठवड्यात आणि माझ्या तासाला. गाणे ऐकत असतानाच त्याचा अभ्यासक्रमाला काय उपयोग हे मुलांना कोणी सांगू नये.

शिवाय वेळापत्रकाचाही विचार करावा. नवरात्र, प्रथम परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी यांच्या आसपास शिक्षकांकडून शनिवारचे दोन तास मागितले, तर चेहरे पडतील. जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतर उत्तरायणापर्यंतचा, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा, काळ बरा, तोही वार्षिकोत्सवाच्या तालमी सुरू होण्यापूर्वीचा.

भरतनाट्यमची अध्यापिका :

छापील कागदाबाबत मी वरील सरांशी पूर्णतः सहमत आहे. मात्र मुलांना काहीच करायला देऊ नये असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये, कारण नृत्याच्या बाबतीत मुलांच्या शरीराला काही करायला मिळाले नाही, तर ती केवळ पोशाख आणि दागिने पाहत राहतात.

म्हणून शाळेतील प्रात्यक्षिकाला मी पूर्ण वेशभूषा करून जात नाही. साधी सराव-साडी आणि पायांत घुंगरू एवढेच असते. प्रथम अर्धमंडलात उभे राहणे म्हणजे काय, हे मुलांना उभे करूनच दाखवते. गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून, पाठ ताठ ठेवून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उभे राहता येत नाही हे कळले, की त्याच स्थितीत दहा मिनिटे नाचणाऱ्या व्यक्तीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलते. मग तोंडाने बोल म्हणत टाळ्यांनी लयीच्या पाच जाती घेते : तिस्र तीनची, चतुस्र चारची, खंड पाचची, मिश्र सातची आणि संकीर्ण नऊची. खंडापर्यंत सगळे येतात, मिश्राला वर्ग कोसळतो आणि खूप हसू येते. हसू द्यावे.

त्यानंतर हस्तांकडे, म्हणजे हाताच्या मुद्रांकडे, वळते. अभिनयदर्पण या नृत्यावरील जुन्या संस्कृत ग्रंथात असंयुत, म्हणजे एका हाताचे, अठ्ठावीस हस्त दिलेले आहेत. ते सगळे दाखवण्याचा मोह टाळावा. मी एकटा पताक हस्त घेते. तोच सरळ तळहात मेघ दाखवतो, वन दाखवतो, नदी दाखवतो आणि नकारही दाखवतो. मग मुलांना विचारते की याच हाताने विश्वामित्री नदीचा पूर कसा दाखवाल. बडोद्याच्या मुलांना पूर शिकवावा लागत नाही. उत्तरे इतकी निरनिराळी येतात की त्यातच वीस मिनिटे जातात, आणि शेवटी मी एक छोटे पद करते. ते पद मुले वेगळ्या डोळ्यांनी पाहतात, कारण मघाशी त्यांनी स्वतः जे शोधले तेच आता एक तयार शरीर किती नेमकेपणाने करते, हे त्यांना ताडून पाहता येते.

व्यवस्थेविषयी दोन सूचना आहेत. फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर नाचायला लावू नये. पाय आपटण्याची ही शैली आहे आणि कठीण जमिनीचा आघात थेट गुडघ्यांवर आणि कंबरेवर येतो. लाकडी फळ्यांचा रंगमंच नसेल, तर नर्तकीला आधी विचारून जमिनीची सोय करावी. गालिचाही नको, कारण त्यावर पाय अडतो. दुसरी सूचना अशी की नृत्याच्या कार्यक्रमात मुलांना समान उंचीवर बसवले, तर तिसऱ्या रांगेपासून मागे पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसले नाहीत तर भरतनाट्यम निम्मे दिसले नाही. मागच्या रांगा बाकांवर बसवाव्यात.

बडोद्यातील मुलांना सांगण्यासारखी हकीकत याही कलेत आहे. सयाजीरावांचा तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पुढच्या पहिल्या चिमणाबाई महाराणींशी, १८८० मध्ये विवाह झाला आणि त्यानिमित्ताने तंजावरच्या नर्तकी व साथीदार बडोद्याच्या दरबारात आले. गौरी आणि कांतिमती या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध झाल्या. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे येथेच विद्यार्थ्यांना नृत्य शिकवले. तमिळ देशातील कला मराठी राजघराण्यामार्फत गुजरातेत आली आणि येथील विद्यापीठात शिकवली जाऊ लागली, हा सगळा प्रवास आपल्या सामाजिक विज्ञानाच्या तासाला सहज बसेल.

नाट्यविभागाचा माजी विद्यार्थी :

नाट्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुलांसाठीचे नाटक आणि शिक्षणातील नाट्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांत गल्लत झाली की निराशा पदरी येते. पहिल्या प्रकारात मुले प्रेक्षक असतात. तीनशे मुले नाट्यगृहात बसून उत्तम बालनाट्य पाहू शकतात. दुसऱ्या प्रकारात नट हेच शिक्षक असतात, गट वर्गाएवढा म्हणजे तीस-चाळीस मुलांचा असतो, आणि प्रसंग एका टप्प्यावर थांबवून मुलांनाच पुढचा निर्णय घ्यायला लावला जातो. ही पद्धत इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये याच कामासाठी स्वतंत्र पथक स्थापन केले. पुण्यात १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने मराठीत रुजलेली जर्मन ग्रिप्स नाटकांची चळवळ मात्र पहिल्या प्रकाराच्या जवळची. तिच्यात मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि राजे-राक्षसांऐवजी घरातले, शाळेतले प्रश्न रंगमंचावर आणतात.

आपल्याकडे तीनच कार्यक्रम आहेत, म्हणून मी दोन्हींपैकी एकही सुचवत नाही. बडोद्यात त्याहून जवळचे आणि सोयीचे काही उपलब्ध आहे, ते म्हणजे आख्यान.

सतराव्या शतकातील कवी प्रेमानंद हे याच शहराचे. त्यांची 'सुदामाचरित्र', 'नळाख्यान', 'ओखाहरण' ही आख्याने पुस्तकात वाचण्यासाठी लिहिलेली नाहीत. ती समोर बसलेल्या लोकांना गाऊन, बोलून, अभिनय करून सांगण्यासाठी रचलेली आहेत. ती सांगणारा माणभट्ट तांब्याच्या मोठ्या घागरीवर बोटांतील अंगठ्यांनी ताल धरतो आणि एकटाच सगळी पात्रे उभी करतो. आज ही कला जाणणारे थोडे आहेत, परंतु तिचा धागा या शहरात तुटलेला नाही. दुसरीकडे आपल्या मराठी घरांनी येथे नारदीय कीर्तन आणले : हातात चिपळ्या, साथीला पेटी, तबला आणि झांज, आधी पूर्वरंगात निरूपण आणि मग उत्तररंगात आख्यान. दोन्हीकडे एकच माणूस उभा किंवा बसलेला, वाद्य अगदी साधे, नेपथ्य नाही, आणि श्रोत्यांकडे पाहून क्षणात पात्र बदलण्याचे कसब.

माझी सूचना अशी की एकाच सकाळी सुदाम्याची एकच कथा प्रथम माणभट्टाने गुजरातीत सांगावी आणि नंतर कीर्तनकाराने मराठीत सांगावी, प्रत्येकी पंचवीस मिनिटे. कीर्तनकारांना पूर्वरंग वगळून थेट आख्यान घेण्याची आधी विनंती करावी. काहींना ते रुचणार नाही, पण शाळेचे वेळापत्रक सांगितले तर बहुतेक जण मानतात. मुलांना कथा ठाऊक असल्यामुळे अनोळखी भाषेचा अडसर फारसा राहत नाही, आणि त्यांचे लक्ष कथेत काय घडते याकडून ती कशी सांगितली जाते याकडे जाते. कृष्णाच्या महालाच्या दारात उभा असलेला संकोचलेला सुदामा एकाने कसा दाखवला आणि दुसऱ्याने कसा, याची तुलना सातवीतील मुले विलक्षण बारकाईने करतात. गुजराती कथेत तांदूळ असतात आणि मराठी कथेत पोहे, हे तर कोणी ना कोणी लगेच विचारतेच. ज्या मुलांच्या घरी दोन्हींपैकी एकही भाषा नाही, त्यांच्यासाठी शिक्षकांनी आदल्या दिवशी वर्गात कथा सांगून ठेवावी.

याचा आणखी एक लाभ शिक्षकांना होतो. शिक्षक हा स्वतः दिवसभर एकट्याने, साधनांशिवाय, पन्नास जणांसमोर बोलणारा माणूस आहे. गायन किंवा नृत्य पाहून त्याला आनंद होईल, पण ही कला पाहून त्याला आपल्या व्यवसायातले काही उचलता येईल : आवाज कोठे खाली आणावा, कोठे थांबावे, कोणाकडे पाहून प्रश्न टाकावा. म्हणून शिक्षकांची शनिवारची दोन तासांची बैठक एकदाच घेता येणार असेल, तर ती कीर्तनकार किंवा माणभट्ट यांच्याबरोबर घ्यावी, असे माझे संगीतशिक्षक सरांहून वेगळे मत आहे.

भवईचा, म्हणजे गुजरातच्या लोकनाट्याचा, विचारही मनात येईल. भुंगळ या लांब तुतारीचा आवाज आणि रंगलो या विदूषकाचे विनोद मुलांना अतिशय आवडतात. परंतु पारंपरिक वेशांमधील, म्हणजे भवईतील छोट्या नाटिकांमधील, काही विनोद शाळेत चालणारे नसतात, म्हणून कोणता वेश घ्यायचा हे मंडळीशी बसून आधी नक्की करावे लागते.

मांजलपूरची शिक्षिका :

सर्वांचे आभार. एका कथेची दोन आख्याने ही कल्पना मला फार आवडली. एक शंका आहे. आमच्या शाळेत विविध धर्मांची मुले आहेत. कीर्तन म्हणजे धार्मिक कार्यक्रम असा आक्षेप एखाद्या पालकाने घेतला तर काय उत्तर द्यावे? दुसरे म्हणजे कलावंतांशी संपर्क आणि मानधन यांविषयी कोणी मार्गदर्शन करू शकेल का? संस्थांमार्फत जावे की थेट?

नाट्यविभागाचा माजी विद्यार्थी :

आक्षेप आला तर तो गंभीरपणे ऐकावा, कारण त्यात तथ्य असू शकते. शाळेतील कार्यक्रमात आरती, प्रसाद किंवा मुलांकडून नामगजर नसावा, हे कलावंतांशी आधीच बोलून घ्यावे. दोन गरीब-श्रीमंत मित्रांची गोष्ट सांगण्याच्या दोन पद्धती, असे कार्यक्रमाचे स्वरूप पालकांना लेखी कळवावे. आणि तीन कार्यक्रमांपैकी गायनाच्या कार्यक्रमात मौलाबक्ष आणि फैयाझ खाँ यांचे ऋण येणारच आहे, म्हणजे वर्षभराच्या आखणीत शहराचे संपूर्ण चित्र आपोआप उभे राहील. त्यासाठी वेगळी भाषणे नकोत.

शाळेच्या कार्यालयात काम केलेला :

मानधन आणि व्यवस्था यांविषयी लिहितो, कारण चांगले कार्यक्रम बहुधा येथेच अडखळतात.

संस्थांमार्फत जायचे असेल, तर स्पिक मॅके ही १९७७ मध्ये डॉ. किरण सेठ यांनी सुरू केलेली स्वयंसेवी चळवळ शाळा-महाविद्यालयांतच सप्रयोग व्याख्याने घेते, आणि कलावंताने मुलांशी बोलत बोलत कला दाखवावी ही तिची पद्धत वर सर्वांनी सांगितलेल्या पद्धतीशी जुळते. लोककलावंतांसाठी उदयपूर येथील पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे विचारणा करावी, गुजरात त्याच्याच क्षेत्रात येतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र ही केंद्र सरकारची संस्था १९७९ पासून काम करते आणि तिचेही एक प्रादेशिक केंद्र उदयपूरला आहे. सेवेत असलेल्या शिक्षकांना तिच्या कार्यशाळांना पाठवता येते. आपल्या शाळेतून दरवर्षी एक शिक्षक जरी जाऊन आला, तरी पुढच्या आखणीला आपल्यातलाच एक जाणकार माणूस मिळेल. थेट जायचे असेल, तर संगीत महाविद्यालयातील अध्यापक आपल्या माजी विद्यार्थ्यांची नावे सहसा आनंदाने सुचवतात.

मानधन आधी ठरवावे, लेखी कळवावे आणि कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावे. 'मुलांसाठी आहे, समाजसेवा समजा' हे वाक्य उच्चारू नये. तबलजी, पेटीवादक आणि झांज धरणारा यांचे मानधन स्वतंत्र ठरवावे, मुख्य कलावंत त्यातून देईल असे गृहीत धरू नये. दोन गटांसाठी दोन बैठका असतील, तर मानधन दीडपट की दुप्पट हे विचारून घ्यावे.

स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, विश्वस्तांचे मनोगत आणि आभार यांत पंचवीस मिनिटे जातात, ही माझी मोजलेली गोष्ट आहे. पंचेचाळीस मिनिटांच्या कार्यक्रमाला ती परवडत नाहीत. विश्वस्तांनी कलावंतांचा सत्कार कार्यालयात चहाच्या वेळी करावा, हे त्यांना पटवणे कठीण आहे पण अशक्य नाही. त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्यांवर न बसवता मुलांबरोबर सतरंजीवर बसण्याचे निमंत्रण दिले, तर काही जण खूश होतात. तासाची घंटा त्या वेळेपुरती बंद ठेवण्याची सूचना शिपायांना आदल्या दिवशी द्यावी. चित्रीकरणासाठी कलावंताची परवानगी घ्यावी आणि मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. खरे तर एकच माणूस सोडून कोणीच मोबाईल बाहेर काढू नये, शिक्षकांनीसुद्धा.

निवृत्त संगीतशिक्षक :

शिक्षकांची बैठक कीर्तनकारांबरोबर घ्यावी हे मत मला पटले. त्रिताल मी मागे घेत नाही, पण तो वर्गात दहा मिनिटांत होईल. ताई, आपण बोलावले तर त्यासाठी मी स्वतः येईन.

मांजलपूरची शिक्षिका :

मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. ऑगस्टमध्ये शिक्षकांची बैठक आणि त्यानंतर सुदाम्याची दोन आख्याने, दिवाळीनंतर गायन, आणि डिसेंबरच्या आरंभी भरतनाट्यम असा क्रम ठरत आहे. नृत्य शेवटी ठेवले, कारण सभागृहात लाकडी फळ्यांचा ओटा करण्यास तेवढा अवधी लागेल, आणि तो एकदा झाला की वार्षिकोत्सवातील आमच्या मुलींच्या गुडघ्यांनाही उपयोगी पडेल. आख्याने आणि गायन दोन्ही चार गटांत, म्हणजे दोन-दोन सकाळी होतील. नृत्यासाठी मात्र एवढ्या बैठका खर्चात बसत नाहीत, म्हणून यंदा फक्त सातवीचे दोन गट घेण्याचा विचार आहे. सहावीला पुढच्या वर्षी ती संधी मिळेल, आठवीची मात्र हुकेल, याचे वाईट वाटते. छापील कागद कोणी देणार नाही, असे मी सर्व वर्गशिक्षकांकडून कबूल करून घेतले आहे. विश्वस्तांच्या मनोगताचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या बोलणी तीन मिनिटांवर आली आहेत.